कव्हराखालचा दिवा

१

सोमवारी सकाळी तानाजीने गाडीचं कव्हर ओढलं, तेव्हा आतला दिवा जळत होता. जळत होता म्हणण्यापेक्षा विझायचा राहिला होता. छताच्या मधोमध लालसर ठिपका, उदबत्तीच्या टोकाएवढा. तानाजीने किल्ली फिरवली. गाडीने नुसता एक उसासा टाकला.

"झालं!" बाळ सबनीस मागून ओरडले. "पुन्हा बॅटरी बसली! तिसरा सोमवार आहे हा, तानाजी!"

बाळकुमच्या चैत्रबन सोसायटीत, इमारतीखालच्या पार्किंगमध्ये त्यांचा आवाज घुमला. बाजूला व्हीलचेअरवर त्यांच्या पत्नी मंदाकिनी बसल्या होत्या, मांडीवर पाण्याची बाटली आणि घडी केलेली शाल. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांना डायलिसिससाठी कळव्याला न्यावं लागे. उशीर झाला की मशीन दुसऱ्या पेशंटला लागतं आणि मग दुपारपर्यंत ताटकळणं.

"अहो, रिक्षा बोलवा ना. भांडण आल्यावर करा," मंदाकिनी म्हणाल्या.

पण बाळ सबनिसांचा राग आधी हातात उतरे. ते गाडीभोवती फिरले आणि चारही दारांवर एकेक गुद्दा हाणला, जणू दोष दारांचाच होता. मग तानाजीसमोर उभे राहिले.

"दोन किल्ल्या. एक माझ्या टेबलाच्या खणात, एक तुझ्या खिशात. रविवारी गाडी जागची हलत नाही. मग दिवा कोण लावतं? तू रविवारी इथे येऊन गाडीत झोपतोस, असं लोक म्हणतात. मी आजवर विश्वास ठेवला नव्हता."

"साहेब, आईशप्पत, रविवारी मी विठ्ठलवाडीतनं बाहेर पण नाय पडलो."

"शपथा नकोत. हा आठवडा कर काम. पुढच्या सोमवारी नवा ड्रायव्हर येईल. सांगून ठेवलंय मी."

मंदाकिनींनी शालीची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.  मग मेकॅनिकला फोन लागायच्या आधी त्यांनी दुसरा फोन लावला, पाचव्या मजल्यावर.

"प्रमोदिनी, खाली येतेस? आमच्या गाडीत भूत शिरलंय आणि ह्यांनी माणूस काढलाय."

२

प्रमोदिनी कारखानीस यांची सगळी नोकरी विमा कंपनीत गेली. अपघात झालेल्या, चोरीला गेलेल्या, आणि 'चोरीला गेल्या' असं नुसतं म्हटलेल्या गाड्या तपासणं हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावरही त्या कुठल्याही गाडीजवळून जाताना आधी तिच्या बंपरकडे बघत, मग मालकाकडे.

तानाजीसाठी खाली उतरायला त्यांना निमित्त लागत नव्हतं. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन घरी आल्या त्या दिवशी लिफ्ट बंद होती. तेव्हा तानाजीने आणि वॉचमनने त्यांना खुर्चीसकट पाचव्या मजल्यावर नेलं होतं. "ताई, तुमी फक्त हसू नका, हसल्या की खुर्ची हलते," असं तो जिन्यात म्हणत होता.

त्या पोचल्या तेव्हा मंदाकिनी रिक्षाने कळव्याला गेल्या होत्या, तानाजी सोबत गेला होता. मेकॅनिकने दुसऱ्या बॅटरीला वायरी जोडून गाडी सुरू करून दिली होती. दिवा आता बंद होता.

"काय सापडलं?" त्यांनी मेकॅनिकला विचारलं.

"कायच नाय, मॅडम. हे बघा." त्याने पुढचं दार उघडलं, दिवा लागला. दाराच्या चौकटीतलं छोटं बटण बोटाने दाबलं, दिवा विझला. "बटण ओके, वायर ओके. मागच्या दोन वेळेला पण मी येईपर्यंत सगळं ओकेच होतं."

प्रमोदिनींनी वाकून छताकडे पाहिलं. दिव्याच्या खटक्याला तीन जागा होत्या. एका टोकाला कायम चालू, दुसऱ्या टोकाला कायम बंद आणि मधे दारासोबत. खटका मधे होता.

"सकाळपासून याला कुणी हात लावला?"

"कुणीच नाही," सबनीस म्हणाले. "आधीच्या दोन्ही सोमवारी पण तो तिथेच होता. का?"

"मग हा दिवा कुणी लावलेलाच नाही, बाळासाहेब. हाताने लावला असता तर खटका टोकाला गेला असता. गाडीला वाटत होतं की आपलं एखादं दार उघडं आहे, म्हणून तिने दिवा लावला. आणि मला सांगा, झोपायला आलेला माणूस डोक्यावर दिवा ठेवून झोपेल?"

"दार नीट न लावता गेला असेल."

"असेल. कोणतं दार?"

सबनिसांनी एकेक दार ढकलून पाहिलं. चारही दारं घट्ट लागलेली होती.

"आणि आता दिवा बंद का आहे?" प्रमोदिनींनी स्वतःलाच विचारलं.  एवढं मात्र कळलं होतं की या गाडीचा आजार डॉक्टर यायच्या आत बरा होतो.

३

आधी गाडीला विचारायचं, मग माणसांना, हा त्यांचा नोकरीतला शिरस्ता. गाडीने सांगायचं तेवढं सांगितलं होतं.

सबनिसांचा मुलगा सलिल डोंबिवलीला राहतो. गाडी विकून टाका आणि ॲपवरून टॅक्सी बोलवा, असं तो वर्षभर म्हणत होता. शनिवारी आईला बघायला येई, तेव्हा खणातली किल्ली त्याच्या हाताशी असे. प्रमोदिनींनी फोनवर सरळच विचारलं.

सलिल हसला. "मावशी, गाडी विकायचीय मला. बिघडलेली गाडी कोण घेणार? मी तर उलट ती टकाटक राहावी म्हणून देवाला हात जोडतो. हां, तानाजीला काढायला मात्र माझा फुल विरोध आहे. आईला गाडीतून उतरवताना तो जे करतो ना, ते मला पण जमत नाही."

शेजारच्या पार्किंगचा मुकुल साटम. त्याचं आणि सबनिसांचं बोलणं दोन वर्षं बंद होतं. मधल्या पिवळ्या पट्ट्यावरून सुरू झालेलं भांडण सोसायटीच्या सभेपर्यंत गेलं होतं. तेव्हापासून मुकुल आपली गाडी त्या पट्ट्याला घासून लावी. त्यामुळे त्याची गाडी जागेवर असली की सबनिसांच्या गाडीचं मागचं उजवं दार उघडतच नसे; तानाजी बसे ते पुढचं उजवं कसंबसं उघडे. मंदाकिनी डावीकडून चढत, सबनीस पुढे बसत. त्या उजव्या दाराशी कुणाचं काही कामच उरलं नव्हतं.

"मी?" मुकुल भडकला. "मॅडम, त्यांच्या गाडीला हात लावायची पण माझी इच्छा नाही. भर सभेत बोललोय मी, मेलो तरी त्या गाडीत पाय ठेवणार नाही. शनिवारी तर मी नसतोच. आईला मारुतीच्या देवळात नेतो, परत गेटवर सोडतो, मग पुढे पोरीला, श्रियाला, क्लासवरून आणायला जातो. विचारा आईला."

त्याची आई रमाबाई आतून चहा घेऊन आल्या होत्या. त्या कपाकडे बघत म्हणाल्या, "खरा तां. त्याचो काय एक दोष नाय." पण चहा द्यायचा विसरून त्या तशाच आत वळल्या.

राहिला तानाजी. बुधवारी तो कळव्याहून परतल्यावर प्रमोदिनींनी त्याला बाकावर बसवलं.

"शनिवारी काय काय करतोस, पहिल्यापासून सांग."

"दुपारनंतर गाडी धुतो, ताई. साटमांची गाडी गेली की. मग चारी दारं उघडता येतात. पायपुसणी काढतो, नळावर धुऊन आणतो. आत पुसतो, जरा वारा लागू देतो. मग दारं लावायची, कुलूप, वरनं कव्हर. सोमवारी सकाळी कव्हर काढायचं."

"दारं कशी लावतोस?"

"हळू." तो ओशाळून हसला. "साहेबांना आपटलेलं चालत नाय. 'दार आहे, तबला नाही,' म्हणतात. हाताने लावतो आणि दाबतो."

"तानाजी, एक विचारते. गाडी कधी न सांगता बाहेर काढलीस?"

तानाजीचं हसू गेलं. त्याने पार्किंगकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे.

"एकदा काढलेली, ताई."

"कुठे नेलीस?"

"ते नाय सांगणार. शब्द दिलाय." तो उठला. "नोकरी गेली तरी नाय सांगणार."

४

त्या रात्री प्रमोदिनींना जेवण गोड लागलं नाही. सबनिसांना हे कळलं असतं तर त्यांनी सोमवारचीही वाट पाहिली नसती. आणि कळवायला हवं, असं त्यांच्या जुन्या नोकरीचं वळण सांगत होतं. पण शब्द दिलाय म्हणून नोकरी सोडायला निघालेला माणूस सहसा चोर नसतो. त्यांनी शनिवारपर्यंत थांबायचं ठरवलं.

शनिवारी त्या पार्किंगमधल्या बाकावर, गाडीच्या डाव्या अंगाला जाऊन बसल्या. "नेहमी करतोस तसंच कर, मी इथे नाहीच असं समज," त्यांनी तानाजीला सांगितलं.

साटमांची गाडी गेली. तानाजीने चारी दारं उघडली, गाडी धुतली, पायपुसणी घेऊन नळाकडे गेला. गाडी पंख पसरलेल्या कोंबडीसारखी उभी होती. थोड्या वेळाने रमाबाई देवळातून परत आल्या, हातात तेलाची रिकामी वाटी. जिन्याकडे जाताना त्या गाडीच्या पलीकडे जरा थांबल्या, चप्पल नीट करायला वाकल्या आणि पुढे गेल्या. मग तानाजी आला, पुसापुशी झाली. मुकुलची गाडी यायच्या सुमारास दारं बंद व्हायला लागली.

प्रमोदिनींनी डोळे मिटले. गाडीचं दार पुरतं लागतं तेव्हा त्याचा खटका दोनदा बसतो, हे त्यांनी शेकडो गाड्यांत ऐकलं होतं. पुढचं डावं, खट्-खट्. मागचं डावं, खट्-खट्. पुढचं उजवं, खट्-खट्. मागचं उजवं, खट्.

त्यांनी डोळे उघडले. मुकुलची गाडी येऊन पट्ट्याला टेकली होती.

"तानाजी, मी आत बसते. वरून कव्हर घाल."

"ताई, काय पण काय! गुदमराल!"

"घाल. आणि बाळासाहेबांना बोलाव."

सबनीस खाली आले तेव्हा कव्हराच्या आतून शेजारणीचा आवाज येत होता. "बाळासाहेब, इथे उजेड आहे बरं का. पेपर वाचता येईल इतका!"

कव्हर निघालं. प्रमोदिनी केस सावरत उतरल्या आणि आपल्या बाजूचं दार घट्ट लावलं. दिवसाच्या उजेडात तो दिवा कुणाच्या डोळ्यांत भरला नसता.

"म्हणजे दिवा रविवारी कुणी लावत नाही," त्या म्हणाल्या. "तो शनिवारी संध्याकाळपासूनच लागलेला असतो, आणि कव्हराखाली सोमवार सकाळपर्यंत बॅटरी पितो. एका रात्रीत बॅटरी बसत नाही, पण एवढ्या वेळात बसते. तानाजी खोटं बोललेला नाही."

"मग मेकॅनिकला काही सापडत का नाही?"

"कारण तुम्ही त्याच्या आधी दुरुस्ती करता. दर सोमवारी चिडून चारही दारांवर गुद्दे मारता ना? अर्धवट लागलेलं दार तुमच्या गुद्द्याने पुरतं बसतं. बिचारा येतो तोवर सगळं ठीक झालेलं असतं. आता मागच्या उजव्या दारावर मारा बघू."

सबनिसांनी दोन गाड्यांच्या फटीतून हात घालून गुद्दा हाणला. खट्. आतला दिवा विझला.

"अरेच्चा," ते म्हणाले, आणि मग पहिल्यांदाच हळू आवाजात, "पण हेच दार का? आधी तर नीट लागायचं. तेव्हाही तानाजी हळूच लावायचा."

"ते दार उघडल्याशिवाय कळणार नाही," प्रमोदिनी वळल्या. "मुकुल, तुझी गाडी जरा बाजूला घे."

मुकुल श्रियाचं दप्तर घेऊन जिन्याकडे निघाला होता. "का? माझ्या जागेत आहे."

"तुझ्याच जागेत राहू दे. फक्त पुढे घे. एका माणसाची नोकरी अडकलीय तिच्या मागे."

मुकुलने तानाजीकडे पाहिलं. मग गाडी पुढे घेतली.

दार उघडलं. दाराचा खटका ज्या लोखंडी कडीत अडकतो, त्या कडीभोवती काळा दोरा होता. एक फेरा नव्हे, थरावर थर. खालचे ग्रीसने चपटे झालेले, वरचा ताजा, त्याच्या गाठीत खोचलेला बारीक बिब्बा.

वॉचमन दोन पावलं मागे सरला. "करणी," तो पुटपुटला.

सबनिसांचा चेहरा लाल झाला. त्यांनी दोऱ्याकडे पाहिलं, मग मुकुलच्या गाडीकडे आणि मग मुकुलकडे.

"तुझ्या बाजूचं दार. घरात आजारी माणूस आहे माझ्या, आणि तू हे असले प्रकार..."

"ओ काका, तोंड सांभाळून!"

५

"थांबा दोघंही," प्रमोदिनी म्हणाल्या. त्या कडीकडे बघत नव्हत्याच. त्या श्रियाकडे बघत होत्या. नऊ-दहा वर्षांची ती मुलगी बापाच्या मागे उभी होती आणि तिने आपला डावा हात पाठीशी लपवला होता.

"श्रिया, हात दाखव गं. कुणी रागावणार नाही."

मनगटावर तसाच काळा दोरा होता, तशीच गाठ, गाठीत तसाच बिब्बा.

"वाईट चिंतणारा माणूस शत्रूच्या गाडीला जे बांधतो, ते स्वतःच्या पोरीच्या हातात बांधत नाही, बाळासाहेब. हे राखण्यासाठी बांधलेलं आहे. बांधणारं माणूस दर शनिवारी मारुतीला जातं, आणि मघाशी माझ्या डोळ्यांदेखत चप्पल नीट करायला इथे वाकलं. मला तेव्हा कळलं नाही, माझी चूक."

जिन्याच्या पहिल्या पायरीवर रमाबाई उभ्या होत्या. कधी उतरल्या ते कुणाला कळलं नव्हतं.

"मीच बांधलंय," त्या म्हणाल्या. मग मुलाकडे न बघता सांगू लागल्या. गावचं बोलणं बाजूला ठेवून, सगळ्यांना कळेल असं.

"दिवाळीनंतरची गोष्ट. तू पुण्याला गेलेलास, सूनबाई हेमा ऑफिसात. श्रियाला दुपारी दम लागला. ओठ निळे पडले पोरीचे. रिक्षा मिळेना. मी इथे येऊन रडत होते, आणि हा तानाजी गाडी पुसत होता. त्याने काही विचारलं नाही. पोरीला उचलून याच सीटवर निजवलं आणि हाकली गाडी. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर..." त्यांनी श्रियाकडे पाहिलं. "मीच शब्द घेतला त्याच्याकडून. तू भर सभेत बोललेलास ना, मेलो तरी त्या गाडीत पाय ठेवणार नाही. तुला सांगितलं, रिक्षाने नेलं म्हणून."

मुकुल दप्तर छातीशी धरून उभा होता.

"ह्या गाडीचे उपकार कसे फेडू? आमच्याकडे राखणीचा दोरा उंबऱ्याला बांधतात. गाडीला कुठला उंबरा? म्हणून दाराच्या कडीला बांधला, जिथून पोरीला आत घेतली त्याच दाराला. पुढे बांधला असता तर सबनीस साहेबांनी कातरला असता. तानाजीने लावलेली लिंबू-मिरची कात्रीने कापून कचऱ्यात टाकली ती मी बघितली होती. दर शनिवारी नवा बांधते. जुना तोडायचा नसतो, म्हणून त्याच्यावरच."

"म्हणून आधी काही झालं नाही," प्रमोदिनी हळूच म्हणाल्या. "दोन-चार थर खटका सोसत होता. थर वाढले, कडी जाड झाली, आणि मग हळू लावलेलं दार पहिल्याच खटक्यावर अडकायला लागलं."

"माझ्यामुळे मंदाकिनीबाईंचं मशीन चुकलं," रमाबाई म्हणाल्या. "ह्याची भाकरी जायची वेळ आली. मी भलं करायला गेले हो."

 बाळ सबनीस आयुष्यभर दोरे, गंडे, ताईत यांच्याविरुद्ध वाद घालत आले होते आणि असे वाद त्यांना पाठ होते. प्रमोदिनींना वाटलं, आता सुरू होतील. ते तानाजीकडे वळले.

"मला का नाही सांगितलंस, गाढवा? पोरीला दवाखान्यात नेलं म्हणून मी ओरडलो असतो?"

"साहेब, शब्द दिलेला."

"नवा ड्रायव्हर नको म्हणून आजच कळवतो," सबनीस म्हणाले.  त्यांनी तानाजीच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला.

६

सोमवारी सकाळी कव्हर निघालं, किल्ली फिरली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. कडीवरचे सगळे थर रविवारी रमाबाईंनीच हातांनी सोडवले होते, एकही न तोडता, आणि खाडीत सोडायला ओंजळीत घेऊन गेल्या होत्या. खाडीपर्यंत त्यांना मुकुलनेच गाडीतून नेलं होतं.

आज त्याची गाडी पट्ट्यापासून चांगली हातभर लांब होती. मुकुल स्वतः ऑफिसला जायचा थांबला होता. तो तानाजीसमोर आला. "मी काय बोलू, यार," एवढंच म्हणाला आणि त्याचे दोन्ही हात धरले. मग व्हीलचेअरच्या मागे जाऊन उभा राहिला. मंदाकिनींना उचलताना तानाजीला दुसऱ्या बाजूने हात दिला.

"बरं झालं दिवा लागला," मंदाकिनी सीटवर टेकत म्हणाल्या. "नाहीतर मला कळलंच नसतं, मी एवढे दिवस कुणाच्या जागेवर बसतेय ते." त्यांनी शाळेला निघालेल्या श्रियाकडे बघून शेजारची सीट थोपटली. "ये गं कधीतरी, बस माझ्याजवळ."

रमाबाई बाजूला घुटमळत होत्या. मुठीत काहीतरी होतं. सबनिसांनी ते पाहिलं.

"दोरा आहे?"

"गाडीला नाही बांधत," त्या घाईने म्हणाल्या. "शपथ घेतलीय. वाटलं होतं, गाडी चालवणाऱ्याला... पण तुम्हाला आवडत नसेल तर राहू दे."

सबनिसांनी तानाजीच्या मनगटाकडे बारकाईने पाहिलं, प्रमोदिनी बंपरकडे बघत तसं.

"मनगटात दिवा नसतो," ते म्हणाले. "बांधा."

रमाबाईंनी गाठ मारली. प्रमोदिनी बाकावरून बघत होत्या. नोकरीत त्यांनी कितीतरी प्रकरणं सोडवली, पण शेवटी प्रत्येक वेळी कुणीतरी मान खाली घालून निघून जायचं. इथे कुणीच जायला तयार नव्हतं.

सबनीस आज पुढे बसले नाहीत. ते पलीकडून वळसा घालून आले, मागचं उजवं दार उघडलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा बायकोशेजारी बसले. छतातला दिवा त्या दोघांवर पिवळा पडला होता. तानाजी बाहेरून दार लावायला आला, आणि सवयीने तळव्याने हळूच दाबू लागला.

"अरे, असं नाही," सबनीस आतून म्हणाले. "आपट!"

तानाजीने दार आपटलं. खट्-खट्. दिवा विझला आणि गाडी कळव्याच्या रस्त्याला लागली.